साखळी नवी टाकली तरी काप तिरकाच जातो : झाड कापायच्या मशीनचा पुन्हा पुन्हा येणारा दोष कसा शोधावा

कराडपासून पाटणपर्यंत आणि कृष्णाकाठाने खाली वाळवा-पलूसपर्यंत रीतसर परवानगी काढून झाडे तोडून देण्याचे काम मी करतो, आणि त्यामुळे आसपासचे शेतकरी व लाकूडतोडीचे कामगार आपापली पेट्रोलवर चालणारी चेनसॉ मशीनही माझ्याकडे दाखवायला आणतात. त्यांच्या तक्रारींत एक तक्रार हमखास असते : "दादा, हे मशीन वाकडंच जातंय बघा." ओंडक्यावर सरळ टेकवलेली पट्टी, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते तो गाईड बार, निम्म्यापर्यंत नीट उतरते, मग एका अंगाला ओढू लागते, काप धनुष्यासारखा वळतो आणि त्या वळणात पट्टी आवळली जाऊन लाकडातून धूर निघू लागतो. माणूस बाजारात जाऊन नवी साखळी आणतो, दहा-पंधरा दिवस काम सुरळीत चालते, आणि मग तोच वाक पुन्हा दिसू लागतो. एका हंगामात तीन साखळ्या बदलूनही ज्यांचा त्रास गेला नाही, असे लोक मी पाहिले आहेत. साखळी बदलल्याने दोष काही दिवस झाकला जातो. तो कुठे बसला आहे हे शोधल्याशिवाय जात नाही, आणि त्या शोधाचा क्रम येथे सांगत आहे.

या दोषाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. तिरक्या कापाचा ओंडका वखारीत गेला की त्याचे टोक सरळ करण्यासाठी दोन-तीन इंच लाकूड पुन्हा छाटावे लागते, आणि सागवान किंवा शिसवीसारख्या लाकडात ते नुकसान थेट मालकाच्या पैशातून जाते. त्याहून गंभीर गोष्ट उभे झाड पाडताना घडते. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने आपण बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खाच घेतो, मग मागून काप घेत जातो आणि मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतके लाकूड न कापता ठेवतो. हे राखलेले लाकूड बिजागरीचे काम करते आणि झाडाला ठरलेल्या दिशेने वळवते. म्हणजे ५० सेंटीमीटर जाडीच्या बुंध्यात ही बिजागरी जेमतेम ५ सेंटीमीटरची असते. मागचा काप आत जाताना खाली किंवा वर वळला, तर तो बिजागरीच्या मुळाशीच शिरतो आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. काही वर्षांपूर्वी बांधावरची एक सुबाभूळ माझ्याच हातून अशी ठरल्या दिशेपेक्षा बरीच बाजूला गेली. कोणालाही इजा झाली नाही, पण शेजारच्या उसातल्या पाण्याच्या पाइपाचा चुराडा झाला. त्या दिवशी सकाळीच मशीन डावीकडे ओढते हे मला जाणवले होते, आणि तरीही मी ते तसेच वापरले होते. त्या दिवसापासून तिरके कापणाऱ्या मशीनने उभे झाड पाडायचे नाही, हा नियम मी स्वतःपुरता मोडलेला नाही.

सर्वांत आधी इंजिनाविषयी. काप नीट उतरत नाही असे दिसले की बहुतेक जण मशीनमध्ये ताकद नाही असे समजून कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवतात. स्क्रू आवळून पेट्रोल कमी केले की इंजिन जास्त फिरते आणि आवाज चढा येतो, त्यामुळे फरक पडल्यासारखे वाटते. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच जाते, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. असे मशीन काही दिवसांत पिस्टन धरते, आणि मूळ दोष जो साखळीत किंवा पट्टीत होता तो तसाच राहतो. इंजिन अशक्त असेल तर काप हळू जाईल, पण सरळ जाईल. काप वळत असेल तर इंजिनाला हात लावण्याचे काहीच कारण नाही.

साखळी सरळ कशामुळे जाते

साखळीवरचे दात एकाआड एक डावे आणि उजवे असतात. डावा दात कापाची डावी भिंत कोरतो, उजवा दात उजवी भिंत कोरतो, आणि दोघांनी सारखेच लाकूड घेतले तर पट्टी मधोमध उतरते. ही रचना कशी सुचली याची हकीकत मला फार आवडते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या दोन जबड्यांनी आळीपाळीने डावीकडून व उजवीकडून लाकूड कुरतडत, आडव्या-उभ्या शिरांची पर्वा न करता पुढे सरकत होती. त्या जबड्यांच्या आकारावरून त्यांनी दात घडवला, आणि आजच्या साखळ्यांचे दात त्याच घडणीचे वंशज आहेत. अळीचा एक जबडा बोथट झाला तर तिचे बीळ वळेल. आपल्या साखळीचेही नेमके तसेच होते, कारण ज्या बाजूचे दात लांब आणि धारदार असतात ती बाजू जास्त लाकूड घेते आणि पट्टी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून मशीन डावीकडे ओढत असेल, तर संशय उजव्या दातांवर घ्यावा.

साखळी आणि पट्टी यांत दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी एक साधी परीक्षा आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. मशीन थंड होऊ द्यावे, प्लगची टोपी काढून ठेवावी, हातमोजे घालावेत, आणि पट्टी काढून उलटी, म्हणजे वरची कड खाली करून, पुन्हा बसवावी. साखळी तीच ठेवावी, मात्र दातांचे तोंड योग्य दिशेला आहे ना हे पाहावे. मग साधारण २० ते २५ सेंटीमीटर जाडीच्या, आडव्या ठेवलेल्या ओंडक्यावर एक काप घ्यावा आणि मशीन स्वतःच्या वजनाने उतरू द्यावे. वाक पूर्वी होता तितकाच आणि त्याच बाजूला राहिला तर दोष साखळीत आहे. वाक कमी झाला, नाहीसा झाला किंवा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पट्टीत आहे. दोन्हींत थोडाथोडा दोष असेल तर उत्तर धूसर येते, आणि जुन्या मशीनच्या बाबतीत तसे बरेचदा होते. अशा वेळी आधी साखळी दुरुस्त करावी, कारण ते काम स्वस्त आहे, आणि मग हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

दात तपासणे

साखळी नुसती डोळ्यांनी पाहून काही कळत नाही. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, घेऊन प्रत्येक दाताच्या वरच्या पातीची लांबी मोजावी आणि डाव्या दातांची मापे एका रांगेत, उजव्यांची दुसऱ्या रांगेत कागदावर मांडावीत. माझ्याकडे आलेल्या साखळ्यांत एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आखूड निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या माणसाला एका बाजूचे दात घासताना कानस सहज ढकलता येते, तर दुसऱ्या बाजूला मनगट अवघडते, म्हणून एका बाजूला जोर जास्त पडतो आणि कोनही बदलतो. प्रत्येक वेळी हा फरक केसभरच असतो, पण दहा-बारा वेळा धार लावल्यावर तो मिलिमीटरात मोजता येतो. नवी साखळी आणल्यावर काही दिवस काम नीट चालून पुन्हा तोच वाक येण्यामागे बहुतेक वेळा हेच असते, कारण साखळी बदलली तरी धार लावणारा हात तोच असतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो जिवावर येतो : सर्वांत आखूड दात शोधून त्यावर रंगाची खूण करावी आणि बाकी सर्व दात त्या मापावर आणावेत. चांगले दात विनाकारण घासून टाकल्यासारखे वाटते, पण दात सारखे झाल्याशिवाय साखळी सरळ जाणार नाही. मात्र सर्वांत आखूड दात ४ मिलिमीटरच्या आसपास किंवा पातीवरच्या तिरक्या खुणेपर्यंत पोहोचला असेल, तर ती साखळी मोडीत काढावी. एखादाच दात खिळ्यावर आपटून तुटला असेल, तर त्याच्यासाठी सगळी साखळी खाली आणण्याची गरज नसते. तो एक दात कमी काम करील, आणि पन्नास-साठ कड्यांच्या साखळीत एका दाताने वाक येत नाही.

कानशीचे माप साखळीच्या पिचवर अवलंबून असते, आणि येथे बरीच गफलत होते. सलग तीन रिव्हेटांच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला दोनने भागले की पिच मिळतो. हे अंतर १६.५ मिलिमीटर आले तर साखळी ०.३२५ इंच पिचची आहे आणि तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. अंतर १९ मिलिमीटर आले तर पिच ३/८ इंच आहे आणि तिला कंपनीने सांगितल्याप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस लागते. फांद्या छाटायच्या लहान मशीनवर ३/८ इंचाचीच, पण बुटक्या दातांची साखळी असते आणि तिला ४ मिलिमीटरची कानस चालते. जाड कानशीने दाताचा आकड्यासारखा बाक उघडा पडतो आणि तो लाकडावरून घसरतो, तर बारीक कानशीने तो जास्त वाकडा व पातळ होऊन लगेच बोथटतो. कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने ढकलावी, परत आणताना उचलावी, बहुतेक साखळ्यांसाठी ३० अंशांचा कोन धरावा, आणि कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा भाग पातीच्या वर राहील अशी ती धरावी. प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात द्यावेत. मी एका बाजूचे सर्व दात संपवून मगच मशीन फिरवून दुसऱ्या बाजूला बसतो, आणि अवघड बाजू आधी घेतो, कारण थकलेल्या हाताने अवघड बाजू केली की ती हमखास बिघडते.

यंत्रावर धार लावून घेण्याविषयीही सांगितले पाहिजे. एका शहरातल्या दुकानातून ग्राइंडरवर घासून आणलेली साखळी माझ्याकडे आली होती, तिच्या एका बाजूच्या सर्व दातांच्या टोकांवर निळी झाक होती. चाक जोरात दाबल्याने दात तापून निळे पडले होते आणि त्यांचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले होते. अशी धार हाताला तिखट लागते, पण बाभळीसारख्या कठीण लाकडात तासाभरात जाते आणि दुसरी बाजू टिकून राहते, म्हणून काप वळतो. निळा भाग पूर्ण घासून निघेपर्यंत त्या साखळीकडून सरळ कापाची अपेक्षा करू नये.

दाताच्या पुढे जो लहान उंचवटा असतो त्याला डेप्थ गेज म्हणतात, आणि तो दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचे हे ठरवतो. पातीच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. एका बाजूचे उंचवटे जास्त खाली गेले तर ती बाजू जास्त चावते आणि दातांची लांबी सारखी असूनही काप त्या बाजूला जातो. दात घासत गेल्यावर पातीची उंचीही कमी होते, म्हणून दर तीन-चार वेळा धार लावल्यावर मापाची पट्टी ठेवून चपट्या कानशीने उंचवटे उतरवावेत आणि त्यांची पुढची कड गोलसर करावी. अंदाजाने उतरवू नयेत. अधिक काम निघेल या आशेने ते फार खाली नेले, तर साखळी लाकडाला हिसके देते आणि पट्टीच्या नाकावरून मशीन उसळून चेहऱ्याकडे येण्याचा धोका वाढतो. एकट्या या चुकीमुळे माणसे कायमची जायबंदी होतात.

पट्टी तपासणे

पट्टीकडे लोकांचे लक्ष सर्वांत कमी जाते, आणि तीन-तीन साखळ्या बदलूनही वाक न जाण्याचे मूळ बहुधा तेथेच सापडते. साखळीच्या खालच्या टोकदार कड्या पट्टीच्या खोबणीतून धावतात आणि बाजूच्या कड्या खोबणीच्या दोन काठांवर टेकतात. साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तेल कमी पडले किंवा बोथट साखळी दाबून चालवली की हे काठ झिजतात, आणि बहुतेक वेळा एक काठ दुसऱ्यापेक्षा जास्त झिजतो. मग साखळी एका अंगाला कलते. कललेल्या साखळीचे दात कितीही सारखे असले तरी काप वळतोच.

कल पाहण्यासाठी एक लोखंडी मोजपट्टी किंवा सुताराचा गुण्या गाईड बारच्या सपाट अंगावर अशा रीतीने टेकवावा की तो साखळीच्या दातालाही लागेल. दातामुळे गुण्या आणि बार यांच्यामध्ये थोडी फट राहिली तर काठ ठीक आहेत. फट अजिबात न राहता गुण्या बारला चिकटून बसला तर साखळी कलली आहे, म्हणजे खोबण रुंदावली आहे किंवा काठ झिजले आहेत. दुसरी तपासणी साखळी काढून करावी : पट्टी काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर कडेवर उभी धरावी आणि गुण्याने ती काटकोनात उभी राहते का हे पाहावे. कलली तर एक काठ खाली गेला आहे. हे काठ चपट्या कानशीने काटकोनात घासून सारखे करता येतात, आणि बाहेर आलेली धारदार कोरही त्याच वेळी काढून टाकावी. खोबण रुंदावली असेल तर ऐरणीवर ठेवून हलक्या हाताने ठोकून ती मिटवणारे कसबी लोहार आपल्याकडे अजून आहेत, पण ०.३२५ इंच पिचच्या साखळीला खोबणीची खोली ६ मिलिमीटरपेक्षा कमी राहता कामा नये. खोली त्याहून कमी झाली की कड्यांची टोके तळाला घासतात, आणि तशी पट्टी दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असते.

वाळवा तालुक्यातल्या एका गृहस्थांचे मशीन माझ्याकडे आले तेव्हा साखळी कोरी होती, दात मापात होते, आणि तरीही पहिल्या कापापासून मशीन उजवीकडे जात होते. पट्टीही नवी होती, म्हणून मी बराच वेळ चुकीच्या जागी शोधत राहिलो. शेवटी व्हर्निअर कड्यांच्या जाडीला लावला तेव्हा उलगडा झाला. पट्टीची खोबण १.५ मिलिमीटरची होती आणि दुकानदाराने रिळातून तोडून जोडलेली साखळी १.३ मिलिमीटरची होती. पिच बरोबर, कड्यांची संख्याही बरोबर, म्हणून साखळी बिनतक्रार बसली, पण खोबणीत ती डुलत होती. बाजारात १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर अशा जाडीच्या साखळ्या मिळतात आणि हे माप बहुतेक पट्ट्यांच्या बुडाशी कोरलेले असते. पिच, जाडी आणि खालच्या कड्यांची संख्या हे तीन आकडे खिशातल्या चिठ्ठीवर असल्याशिवाय साखळी विकत घेऊ नये, आणि दुकानदाराने नुसती इंचात लांबी विचारली तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

स्प्रॉकेट, म्हणजे साखळीला फिरवणारे दातेरी चाक, हाही याच साखळीचा भाग समजावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी टाकली की ती लवकर ताणली जाते, ढिली पडते आणि खोबणीत डुलू लागते. स्प्रॉकेटच्या दातांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोल खुणा दिसल्या तर ते बदलावे. मी दोन साखळ्या संपल्या की स्प्रॉकेट बदलतोच.

दोष परत येऊ नये म्हणून

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत साखळी बिघडवणारी काही कारणे इथल्या जमिनीतून आणि नदीतून येतात. कृष्णा आणि वारणेच्या काठावरची बाभूळ, करंज, चिंच ही झाडे पुरात उभी राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांनंतर काठावरच्या झाडांच्या सालीत गाळ आणि बारीक वाळू इतकी भरली होती, की वरून साल स्वच्छ दिसली तरी दोन-तीन कापांत धार जात असे. वाहत्या पाण्याच्या तोंडाकडची बाजू जास्त भरलेली असते, असे माझ्या पाहण्यात आले आहे. अशा झाडाची साल कापाच्या जागी कोयत्याने हातभर सोलून काढावी आणि मगच मशीन लावावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याने अर्ध्या दिवसाची धार वाचते. सागवानाच्या लाकडातच सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे ते मऊ वाटले तरी धार खाते. त्याला लवकर लवकर कानस देणे एवढाच मार्ग आहे.

रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडांत लोखंड असते. जाहिरातीचे खिळे, कुंपणाची काटेरी तार, जनावरे बांधायची जुनी कडी ही सगळी झाडाने पोटात घेतलेली असतात. सालीवर आडवी फुगीर रेघ किंवा काळपट-निळसर डाग दिसला तर तेथे लोखंड आहे असे धरून चालावे आणि काप हातभर वर किंवा खाली घ्यावा. खिळा कापाच्या एका भिंतीत असेल तर तो एकाच बाजूचे दात मोडतो, आणि मशीन त्या क्षणापासून विरुद्ध बाजूला ओढू लागते. खिळा लागल्याची शंका आली की तेथेच थांबून दात पाहावेत. "हे झाड संपवून बघू" असे म्हणून पुढे रेटले, तर बोथट बाजू दाबून चालवली जाते, पट्टी तापते, काठ झिजतात, आणि कानशीने दुरुस्त होणारा दोष पट्टीचा दोष होऊन बसतो. जमिनीवर पडलेले खोड कापताना पट्टीचे नाक मातीत जाऊ नये म्हणून खोडाखाली लाकडाचा ठोकळा सरकवावा. तो सरकत नसेल तर वरून तीन-चतुर्थांश कापून खोड पहारीने फिरवावे आणि उरलेला काप दुसऱ्या बाजूने घ्यावा.

तेलाबाबत मला आग्रहाने सांगावेसे वाटते. गाडीचे काढलेले काळे तेल साखळीला घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा कीस असतो, तो पट्टीच्या काठांना उगाळतो, आणि ते तेल उडून कातडीवर व श्वासात जाते ते निराळेच. साखळीसाठीचे चिकट तेल घ्यावे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकी जवळजवळ संपली पाहिजे. ती अर्धी भरलेली राहत असेल तर पट्टीवरचे तेलाचे छिद्र भुशाने बुजले आहे असे समजावे आणि ते बारीक तारेने मोकळे करावे. पट्टीचे नाक पांढऱ्या कागदावर धरून मशीन मध्यम वेगाने फिरवले तर कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. साखळीचा ताण थंड असताना पाहावा, बारचे नाक वर उचलून धरूनच नट आवळावेत, आणि काम संपल्यावर ताण किंचित सैल करावा, कारण गरम साखळी थंड होताना आखडते. साखळी बदलताना दर वेळी पट्टी उलटी करून बसवली तर दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि पट्टीचे आयुष्य वाढते.

मशीन निवडतानाच या दोषाचे बी पेरले जाते, हेही लक्षात घ्यावे. बाजारात ५८ सीसीचे मशीन २२ इंची पट्टीसह स्वस्तात मिळते आणि लांब पट्टी पाहून माणूस खूश होतो. एवढी लांब पट्टी पूर्ण लाकडात बुडाली की त्या इंजिनाला ती ओढवत नाही, माणूस दाबतो, पातळ पट्टी लवते आणि काठ झिजतात. परड्यातल्या आणि बांधावरच्या झाडांसाठी ४५ ते ६० सीसीच्या मशीनवर १६ किंवा १८ इंचाची पट्टी पुरेशी असते. पाटण-शिराळ्याकडच्या मोठ्या बुंध्यांचे काम रोजचे असेल तर ७० सीसीचे मशीन घेऊन त्यावर २० इंचाहून लांब पट्टी लावावी. खरेदी करताना आपल्याच तालुक्यात त्या पट्टीची आणि साखळीची जाडी सहज मिळते का, हे मशीनच्या किमतीआधी विचारावे. स्वीडन-फिनलंडमध्ये झाड पकडून, कापून, फांद्या सोलून, मापात तुकडे करणारी मोठी हार्वेस्टर यंत्रे चालतात. आपल्या डोंगरउतारांवर आणि उसाच्या बांधांवर ती वळणारही नाहीत. त्यांच्या डोक्यातही अशीच पट्टी आणि साखळी असते, बहुतेक ०.४०४ इंच पिचची, आणि तिचा वेग आपल्या मशीनच्या जवळपास दुप्पट असतो. तेथेही काप वळू लागला की आधी साखळी आणि पट्टीच पाहतात, आणि त्या वेगाने साखळी तुटली तर तिचा तुकडा गोळीसारखा उडतो म्हणून चालकाच्या केबिनला जाड पॉलिकार्बोनेटचे तावदान बसवलेले असते.

दात सारखे केले, उंचवटे मापात आणले, काठ काटकोनात घासले, जाडी जुळवली आणि तरीही वाक राहिला, तर पट्टी स्वतःच वाकलेली आहे का हे पाहावे. बुंध्यात आवळलेली पट्टी मशीनला हिसडे देऊन ओढून काढली की ती वाकते. साखळी काढून पट्टी डोळ्यासमोर आडवी धरावी आणि बंदुकीची नळी पाहतात तशी बुडापासून नाकापर्यंत खोबणीत नजर टाकावी. किंचित बाक लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोड्याने काढता येतो, पण पीळ पडला असेल तर तो निघत नाही, आणि ती पट्टी त्याच दिवशी बदलावी. पट्टी अडकली तर ओढाताण न करता इंजिन बंद करावे आणि कापात मागून लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकून फट उघडावी. बाभळीच्या अशा दोन पाचरी माझ्या पिशवीत नेहमी असतात. लोखंडी पाचर मात्र वापरू नये, कारण साखळी तिला लागली की एका बाजूचे सगळे दात एका क्षणात जातात.